थेराच्या माथ्यावरील अक्षरे

एजियन समुद्राच्या दक्षिण भागातील थेरा हे बेट आज सान्तोरिनी या नावाने जगाला ठाऊक आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकाने मध्यभाग खचून समुद्रात गेलेले, चंद्रकोरीच्या आकाराचे हे बेट आणि त्याच्या उभ्या कड्यांवर दाटीने बसलेली पांढरी घरे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवरून सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. या बेटावर प्राचीन वस्तीचे दोन मोठे अवशेष आहेत. दक्षिणेकडील आक्रोतिरी येथे स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ साली उत्खनन सुरू केले आणि राखेखाली गाडले गेलेले कांस्ययुगीन नगर उजेडात आले. इ.स.पू. सतराव्या किंवा सोळाव्या शतकातील महाउद्रेकाने ते गिळले होते. दुसरा अवशेष बेटाच्या आग्नेय बाजूस, मेसा वुनो नावाच्या डोंगराच्या माथ्यावर आहे आणि तो आक्रोतिरीहून जवळजवळ एका सहस्रकाने अलीकडचा आहे. आक्रोतिरीची रंगीत भित्तिचित्रे तेथे पाहावयास मिळत नाहीत. तेथे आहेत त्या पडक्या भिंती, पायऱ्या, चौथरे आणि उघड्या खडकात कोरलेली अक्षरे. साहित्याच्या अभ्यासकाने हा डोंगर चढावा तो मुख्यतः या अक्षरांसाठी.

मेसा वुनो समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंच आहे. ज्वालामुखीने बेटाला आजचे रूप देण्याच्या फार पूर्वीपासून उभा असलेला हा चुनखडीचा डोंगर असून तीन बाजूंनी त्याचे कडे खोल उतरत गेले आहेत. पायथ्याशी एकीकडे कामारी आणि दुसरीकडे पेरिसा ही गावे आहेत. दोन्हींकडून येणाऱ्या वाटा सेलादा नावाच्या खिंडीत मिळतात. खिंडीच्या एका अंगाला बेटाचे सर्वोच्च शिखर, प्रोफितिस इलियास, आणि दुसऱ्या अंगाला मेसा वुनो. कामारीच्या बाजूने चढताना वाटेत एका छोट्या प्रार्थनामंदिराजवळ पाण्याचा झरा लागतो. त्यापुढे माथ्यावर मात्र पावसाचे पाणी साठविण्यावाचून गत्यंतर नव्हते. सेलादाच्या उतारांवर प्राचीन दफनभूमी पसरलेली आहे. म्हणजे नगरीत शिरण्यापूर्वी तिच्या मृतांमधून वाट काढावी लागते. ही मांडणी ग्रीक नगरांच्या रीतीला धरूनच होती, परंतु तिचा एक परिणाम असा की येणाऱ्याला प्रथम भेटत ती माणसांची नावे, आणि मग माणसे.

इ.स.पू. आठव्या शतकात स्पार्टाहून आलेल्या दोरियन लोकांनी ही नगरी वसविली असे मानले जाते. अरुंद धारेवर जागा तोकडी; म्हणून एक मुख्य रस्ता माथ्याच्या लांबीने जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे, देवळे, बाजारचौक, राजस्तंभिका या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा खांबांचा लांब मंडप आणि समुद्राकडे उतरत गेलेले नाट्यगृह, अशी रचना आहे. घराघरांखाली पाण्याची टाकी खोदलेली आहेत. सह्याद्रीतील गडांवर हिंडलेल्या वाचकाला या व्यवहाराचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही: शत्रू दुरून दिसावा, चढण त्याला जड जावी, आणि त्या बदल्यात तहानेशी कायमचा करार करावा. आज दिसणाऱ्या बहुतेक इमारती इ.स.पू. तिसऱ्या शतकानंतरच्या, म्हणजे ईजिप्तच्या टॉलेमी राजांचे आरमारी ठाणे येथे आल्यानंतरच्या आहेत. जर्मन विद्वान फ्रीडरिष हिलर फॉन गेर्ट्रिंगेन यांनी १८९६ ते १९०२ या काळात ही नगरी उकरून काढली. ते मुळात शिलालेखांचे अभ्यासक होते. ग्रीक शिलालेखांच्या महासंग्रहातील थेराचा समावेश असलेला खंड त्यांनीच संपादित केला आणि तो १८९८ साली प्रसिद्ध झाला. थेराचे उत्खनन असे प्रारंभापासूनच वाचनाच्या व्यवहाराशी जोडलेले आहे.

माथ्याच्या आग्नेय टोकाला, जेथे डोंगर संपून खाली केवळ समुद्र उरतो, तेथे अपोलो कार्नेइओस या दोरियन दैवताचे मंदिर आणि त्यापुढचा भराव घालून सपाट केलेला चबुतरा आहे. जवळच तरुणांच्या व्यायामशाळेचे अवशेष आहेत. या परिसरातील खडकांवर इ.स.पू. सातव्या शतकातील, काही कदाचित त्याहूनही थोडी आधीची, अक्षरे कोरलेली आहेत. ग्रीक वर्णमालेचा हा अगदी आरंभीचा काळ. काही ओळी डावीकडून उजवीकडे जातात, काही उजवीकडून डावीकडे. काही ठिकाणी शेतातला बैल जसा तासाच्या टोकाला वळून उलट दिशेने परततो तशी ओळ वळते. लेखनाची दिशा ही आज आपल्याला निसर्गनियमासारखी अटळ वाटणारी गोष्ट त्या वेळी अजून ठरावयाची होती, हे या खडकांवर डोळ्यांनी पाहता येते.

या अक्षरांतील आणखी एक विशेष भारतीय वाचकाच्या विशेष ध्यानात येण्यासारखा आहे. पुढे ग्रीक भाषेत रूढ झालेली 'फी' आणि 'खी' ही दोन अक्षरे थेराच्या जुन्या वर्णमालेत नव्हती. फ हा ध्वनी लिहावयाचा असेल तर थेराचा लेखक प या अक्षरापुढे ह लिही. ख साठी क पुढे ह. प्राचीन ग्रीकमध्ये हे ध्वनी महाप्राणच होते, आणि महाप्राण म्हणजे अल्पप्राणाला मिळालेली हकाराची जोड, हे त्या अनाम कोरणाऱ्यांनी कानाने ओळखले होते. आपल्या वैयाकरणांनी ज्या भेदाला शास्त्राची बैठक दिली, तो भेद येथे कोण्या पोरसवदा हाताने छिन्नीने नोंदविला आहे. ग्रीकांनी वर्णमाला फिनिशियनांकडून घेतली. तिच्यात स्वरांना चिन्हे नव्हती. आपल्याला नको असलेली काही व्यंजनचिन्हे त्यांनी स्वरांसाठी वापरली आणि त्यातून बोललेला शब्द बऱ्याच अंशी पुरेपूर उतरवता येईल अशी लिपी सिद्ध झाली. हेरोडोटसने ग्रीसमध्ये अक्षरे आणण्याचे श्रेय फिनिशियन कादमोसबरोबर आलेल्या लोकांना दिले आहे. तोच हेरोडोटस अन्यत्र सांगतो की, कादमोसने वाटेत थेरा बेटावर काही फिनिशियन मंडळींना ठेवले होते आणि त्या वेळी बेटाचे नाव कालिस्ते, म्हणजे 'सर्वांत सुंदर', असे होते. या कथेला इतिहास म्हणून किती वजन द्यावे हा प्रश्न वेगळा. पण अक्षरे परक्याकडून आली ही स्मृती ग्रीकांनी लपवून ठेवली नाही, हे महत्त्वाचे.

मग या नव्या साधनाने प्रथम काय लिहिले गेले? या प्रश्नावर विद्वानांत पुष्कळ खल झाला आहे. अमेरिकन अभ्यासक बॅरी पॉवेल यांनी १९९१ साली असा सिद्धांत मांडला की, ग्रीक वर्णमाला होमरची महाकाव्ये उतरवून घेण्यासाठीच सिद्ध झाली. साहित्याच्या अभ्यासकाला हा सिद्धांत मोह घालणारा आहे. थेराच्या खडकावर मात्र महाकाव्य नाही, हिशेब नाहीत, राजाज्ञाही नाहीत. काही देवांची नावे आहेत: झ्यूस, अपोलो, कुरेतेस, खिरोन. आणि मग माणसांचीच नावे, एकाजवळ एक, एकावर कडी करीत असल्यासारखी. कोणाच्या नावापुढे तो उत्तम असल्याचे म्हटले आहे, कोणाच्या नृत्याची वाखाणणी आहे. अथेन्समध्ये सापडलेल्या आणि इ.स.पू. ७४०च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या दिपिलोन सुरईवरील लेखही नृत्याच्या चढाओढीविषयीच आहे, हे या संदर्भात आठवावे. काही लेखांत तरुणांमधील शारीरिक संबंधांचा उघड उल्लेख आहे. दोरियन समाजातील दीक्षाविधीची ती गंभीर नोंद असे काही विद्वानांनी मानले. इतरांनी त्यात निव्वळ टवाळी पाहिली. दैवताचे नाव घेऊन शपथपूर्वक केलेले विधान आणि मित्राची उडविलेली खिल्ली, या दोहोंचा सूर एकाच खडकावर ऐकू यावा यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. उत्सवाच्या जागी दोन्ही शेजारी नांदतात.

येथे लेखनाचा जो आरंभ दिसतो तो व्यक्तीच्या नावापासून झालेला आहे. नाव कोरणाऱ्याने आपल्याला ओळखणाऱ्या चार मित्रांसाठी ते कोरले असेल. परंतु खडकावर कोरल्याबरोबर ते न ओळखणाऱ्यांसाठीही झाले. वाङ्मय म्हणजे अनुपस्थित श्रोत्याशी केलेले भाषण, अशी एक व्याख्या करता आली तर तिची पहिली अट या खडकांवर पूर्ण होते. याच वृत्तीचा एक मजेदार नमुना बेटावरील फिरा येथील पुरातत्त्व संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ४८० किलो वजनाचा हा एक काळा ज्वालामुखीजन्य धोंडा असून तो इ.स.पू. सहाव्या शतकातला मानतात. क्रितोबूलोसचा मुलगा युमास्तास याने आपल्याला जमिनीवरून उचलले, असे तो धोंडा त्यावरील लेखात स्वतःच्या तोंडाने सांगतो. पराक्रम करणारा युमास्तास बोलत नाही. साक्षीदार असलेला दगड बोलतो. साक्षीदाराच्या मुखाने बोलण्याची ही युक्ती कोणत्या काव्यशास्त्राने शिकविली नव्हती. ती लेखनाच्या स्वभावातच दडलेली असावी.

नावे कोरणाऱ्या या तरुणांच्याच काळात थेरावर एक मोठे संकट कोसळले, आणि त्यासंबंधीचा वृत्तान्त हेरोडोटसच्या इतिहासाच्या चौथ्या भागात आहे. राजा ग्रिन्नोस देल्फीला गेला असता लिबियात वसाहत कर, असा कौल त्याला मिळाला. आपण वृद्ध आहोत असे म्हणून त्याने बात्तोस या तरुणाकडे बोट दाखविले. लिबिया कोठे आहे हेही ठाऊक नसल्याने थेराच्या लोकांनी कौलाकडे दुर्लक्ष केले. त्यानंतर सात वर्षे बेटावर पाऊस पडला नाही आणि एक वगळता सर्व झाडे वाळून गेली. अखेरीस दोन भावांमागे एकाने चिठ्ठी टाकून जावे असे ठरले आणि प्रत्येकी पन्नास वल्ह्यांच्या दोन नौका निघाल्या. लिबियाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन काय करावे ते न सुचल्यामुळे ही माणसे परत आली, तेव्हा थेराच्या लोकांनी त्यांच्यावर मारा करून त्यांना किनाऱ्याला लागू दिले नाही. ती पुन्हा निघाली आणि इ.स.पू. ६३१च्या सुमारास त्यांच्या हातून सिरीनी हे नगर वसले. ज्या डोंगरावर पावसाच्या टाक्यांवर जीवन अवलंबून होते, त्या डोंगरावर उभे राहून हा वृत्तान्त वाचला म्हणजे सात वर्षांचे अवर्षण हा कथेतला ठरावीक संकेत वाटेनासा होतो. तो आकडा संकेताचा असेल. तहान संकेताची नाही.

याच घटनेविषयीचा दुसरा पुरावा सिरीनी येथे सापडला. इ.स.पू. चौथ्या शतकातील एका शिलालेखात थेराच्या पूर्वजांनी वसाहतीसाठी केलेल्या शपथेचा मजकूर उद्धृत केला आहे. त्या मजकुराच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे. पण त्यातील तपशील विलक्षण आहेत. जो जाण्यास नकार देईल त्याला देहान्त शासन आणि त्याची मालमत्ता जप्त. पाच वर्षे झगडूनही वसाहत तगली नाही, तर मात्र निर्भयपणे परत यावे आणि आपली मालमत्ता व नागरिकत्व पुन्हा मिळवावे. शपथ घेताना मेणाच्या प्रतिमा जाळल्या गेल्या आणि शपथ मोडणाराही असाच वितळून जावो, असा शाप पुरुष, स्त्रिया, मुलगे आणि मुली या सर्वांनी मिळून उच्चारला. हेरोडोटस परतणाऱ्यांवर झालेला मारा सांगतो. शिलालेख परतण्याची सोय सांगतो. पाच वर्षांची अट पहिल्याच प्रयत्नात माघारी फिरलेल्यांना लागू नव्हती, असे म्हणून दोहोंचा मेळ घालता येईल. परंतु लेख कशासाठी कोरला गेला हे पाहिले की या फरकाचे कारण अधिक स्पष्ट होते. सिरीनीत राहणाऱ्या थेराच्या लोकांना समान नागरिकत्व द्यावे, यासाठी तो कोरलेला आहे. दोन्ही नगरांचे नाते गोड राखण्याचा तो प्रसंग होता. किनाऱ्यावरचा मारा अशा दगडावर कोरला जात नाही. तो कथेतच शिल्लक राहतो. लिखित पुरावा विश्वसनीय आणि सांगोवांगीची कथा संशयास्पद, ही इतिहासलेखनातील सोपी विभागणी येथे उपयोगी पडत नाही. दगड ज्यांना हक्क हवा होता त्यांच्या बाजूने बोलतो, आणि हाकलले गेलेल्यांचे दुःख हेरोडोटसने ऐकून लिहिले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचते. विशेष म्हणजे हेरोडोटस थेराचे लोक काय सांगतात आणि सिरीनीचे लोक काय सांगतात, हे वेगवेगळे नोंदवितो. दोन्ही बाजूंच्या सांगण्यातील अंतर न बुजवण्याचा हा प्रामाणिकपणा आहे.

बळजबरीने पाठविलेल्या त्या दोन नौकांतील माणसांच्या वंशजांनी पुढे काय केले, हे ग्रंथालयांच्या वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील कवी कालिमाखोस हा सिरीनीचा. तो स्वतःला संस्थापक बात्तोसच्या कुळातला म्हणवीत असे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातील ग्रंथांच्या आधारे त्याने 'पिनाकेस' ही १२० भागांची सूची सिद्ध केली. ग्रंथसूचीच्या इतिहासात तिचे स्थान आरंभीचे आहे. पृथ्वीचा परीघ मोजणारा आणि त्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेला एरातोस्थेनेसही सिरीनीचाच. ज्या टॉलेमी राजांनी हे ग्रंथालय पोसले, त्यांनीच इ.स.पू. तिसऱ्या शतकात थेरावर आपले ठाणे वसविले. बेटाने हाकललेल्यांच्या वंशजांना आश्रय देणारी सत्ता अशा रीतीने खुद्द बेटावर येऊन पोहोचली. ठाण्याबरोबर इसिस, सेरापिस आणि अनुबिस ही ईजिप्शियन दैवते डोंगरावर आली. इ.स.पू. १४५ मध्ये ठाणे उठले. देवस्थानाचे खडक अजून आहेत.

या ठाण्याच्या काळातील सर्वांत ठसठशीत माणूस म्हणजे आर्तेमिदोरोस. तो आशिया मायनरमधील पेर्गे नगराचा. राजसेवेच्या निमित्ताने आला आणि येथेच राहिला. नगरीत शिरताना मुख्य वाटेच्या कडेच्या खडकात त्याने आपले देवस्थान कोरून घेतले: झ्यूससाठी गरुड, अपोलोसाठी सिंह, पोसेइदोनसाठी डॉल्फिन, सलोख्याच्या देवतेसाठी स्वतंत्र वेदी, आणि या साऱ्यांच्या सोबत स्वतःच्या मुद्रेचे उठावचित्र. आपले नाव या नगरीत कधी पुसले जाणार नाही, असा दावा त्याने पद्यात करून ठेवला आहे. थेराने त्याला नागरिकत्व दिले. सातव्या शतकातील तरुणांची नावे आणि आर्तेमिदोरोसचे नाव यांत अंतर आहे ते ऐपतीचे आणि हेतूचे. तरुणांनी आपल्या डोंगरावर नाव कोरले. आर्तेमिदोरोसला नाव कोरून डोंगर आपला करावयाचा होता. परक्या गावात म्हातारा होणाऱ्या माणसाची ती गरज हास्यास्पद वाटत असली तरी समजण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखकाला त्या खडकातील चेहऱ्यापुढे उभे असताना त्याच्या दाव्यापेक्षा सलोख्याच्या देवतेची वेदी अधिक बोलकी वाटली. ठाण्यातले सैनिक आणि गावातले नागरिक एका अरुंद धारेवर राहत होते. सलोख्याची प्रार्थना कोणी उगीच करीत नाही.

याच सुमाराचा, इ.स.पू. २१० ते १९५ या दरम्यानचा मानला जाणारा एक लेख एपिक्तेता नावाच्या स्त्रीचा आहे. हे तिचे मृत्युपत्र. तिचा थोरला म्हणता येईल असा मुलगा क्रातेसिलोखोस वारला तेव्हा तिचा नवरा फिनिक्स याने त्याच्या स्मरणार्थ एक 'मूसेइओन', म्हणजे काव्यकलांच्या देवतांचे स्थान, बांधावयास घेतले. मग फिनिक्स गेला. दोन वर्षांनी दुसरा मुलगा आन्द्रागोरासही गेला, आणि जाताना बापाचे अपुरे काम पुरे करण्यास आईला सांगून गेला. एपिक्तेताने ते पुरे केले. तिने ३००० द्राख्मांची ठेव नेमली. त्यावर दरसाल २१० द्राख्मा उत्पन्न मुलगी एपितेलेइया हिने द्यावे आणि आप्तपुरुषांच्या मंडळाने वर्षातून तीन दिवस एकत्र जमावे, एक दिवस काव्यदेवतांसाठी आणि दोन दिवस घरच्या मृतांसाठी यज्ञ करावे, असे ठरविले. ते स्थान विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. एपितेलेइयाच्या वंशजांपैकी कोणाचे लग्न असेल तरच ते वापरावे. वस्तुसंग्रहालयाचे 'म्यूझियम' हे नाव ज्या शब्दापासून आले, त्या शब्दाचा अर्थ एका आईच्या हिशेबी, कोरड्या, कायदेशीर भाषेत येथे उलगडतो. शोकाला तिने एकही विशेषण दिलेले नाही. तारखा, रकमा आणि निर्बंध एवढेच. परंतु ज्या घरात पुरुष उरला नाही तेथे नाव टिकविण्याची जबाबदारी पार पाडताना तिने लग्नासाठी दार उघडे ठेवले, हे त्या निर्बंधांच्या यादीतले एक कलम पुष्कळ सांगून जाते. हा लेख आता थेरावर नाही. व्हेनिसच्या सत्तेच्या काळात तो बेटाबाहेर गेला आणि आज इटलीतील व्हेरोनाच्या माफेइआनो शिलालेख-संग्रहालयात आहे. आईने जे स्थान विकू नये म्हणून बजावले त्याचा शब्द तेवढा दूरदेशी गेला.

एपिक्तेताच्या लेखामुळे इतर लेखांतील मौन अधिक जाणवू लागते. मंदिराजवळच्या खडकावर पुरुषांचीच नावे आहेत. शपथेच्या वेळी मुलींनीही शाप उच्चारला असे सांगितले जाते, पण त्यांच्यातील एकीचेही नाव कळत नाही. ज्यांनी टाकी खोदली, दगड वर वाहून आणले, त्या दासांविषयी खडक काही बोलत नाही. डोंगरावर नाव उरणे हा अक्षराचा गुण असला तरी अक्षरापर्यंत पोहोचणे हा सामाजिक अधिकार होता. रोमन काळाच्या उत्तरार्धात मात्र सेलादाच्या परिसरातील साध्या थडग्यांवर एक निराळा प्रघात दिसू लागतो. मृताच्या नावाला 'आंगेलोस', म्हणजे दूत, हा शब्द जोडलेले दगड थेरावर मोठ्या संख्येने सापडले आहेत आणि त्यांत स्त्रियांची नावेही आहेत. हे लेख ख्रिस्ती की ख्रिस्तपूर्व श्रद्धेतले, यावर मतभेद आहेत. साधा दगड, एक शब्द, एक नाव. आर्तेमिदोरोसच्या दाव्याला एवढेच उत्तर पुरे होते.

महाराष्ट्रातील लेण्यांचे शिलालेख वाचलेल्या अभ्यासकाला येथे काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. जुन्नरला यवनांची दाने नोंदली आहेत. नाशिकच्या सतराव्या लेण्यातील लेखात दातामिती येथील, उत्तरेकडचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याचा उल्लेख येतो. 'योन' किंवा 'यवन' हा शब्द मूळचा इयोनियन ग्रीकांचा. त्या काटेकोर अर्थाने थेराचे दोरियन यवन नव्हेत. पुढे हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या अनेकांना लावला गेला, त्यामुळे हे दाते वंशाने ग्रीकच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. तथापि एक गोष्ट निश्चित आहे. त्यांनी आपली नावे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरविली, आणि त्यांतील बहुतेक नावे भारतीय आहेत. आर्तेमिदोरोसने परक्या डोंगरावर आपला चेहरा, आपले गाव आणि आपले नाव कायम ठेवले. सह्याद्रीतील या यवनांनी नवे नाव, नवी भाषा स्वीकारली, आणि 'यवन' हा एक शब्द तेवढा मागे ठेवला. दोघांनाही दगड हवा होता. त्यावर स्वतःचे किती ठेवावयाचे याविषयीचे त्यांचे निर्णय निराळे होते, आणि संस्कृतीच्या इतिहासात अशा निर्णयांचा अभ्यास राजवंशांच्या यादीइतकाच आवश्यक आहे.

मेसा वुनोवरील वस्ती बायझंटाइन काळाच्या पूर्वार्धात ओसरली. जुन्या ख्रिस्ती बॅसिलिकेच्या जागेवर उभे असलेले संत स्टेफानोसचे छोटे प्रार्थनामंदिर वाटेत लागते. त्यात जुन्या इमारतींचे दगड वापरलेले दिसतात. बेटाखालची भूमी स्वस्थ नाही. ९ जुलै १९५६च्या भूकंपाने बेटाची मोठी हानी केली, आणि २०२५च्या आरंभी आठवडेच्या आठवडे चाललेल्या धक्क्यांमुळे हजारो रहिवासी काही काळ बेट सोडून गेले. माथ्यावरील अक्षरांना धोका आहे तो भूकंपाचा, त्याहून अधिक वाऱ्याचा आणि पावसाचा. एका विशिष्ट उन्हात, तिरप्या प्रकाशातच ती नीट वाचता येतात. भर दुपारी ती खडकात विरून जातात. हिलर फॉन गेर्ट्रिंगेन यांच्या संग्रहात छापलेले पाठ म्हणूनच मौल्यवान आहेत, आणि जे अक्षर खडकावर पुसट झाले ते ग्रंथालयाच्या फडताळात शाबूत आहे.

लेखनाच्या इतिहासात आपण सहसा मोठ्या ग्रंथांपासून मागे जातो आणि आरंभीचे लेख त्यांची अपुरी पूर्वतयारी समजतो. थेराचा माथा हा क्रम उलटा लावावयास सांगतो. तेथे प्रथम नाव आहे, मग नावाची प्रशंसा, मग शपथ, मग मृत्युपत्र. आणि याच वाटेवर, समुद्रापलीकडे, अलेक्झांड्रियाची ग्रंथसूची आहे, जी शेवटी नावांचीच एक विशाल यादी होती. कालिमाखोसच्या सूचीतील बहुतेक ग्रंथ नष्ट झाले, सूचीही तुकड्यांनीच उरली. रेक्सानोर, प्रोक्लेस, क्लेआगोरास ही थेराच्या एका जुन्या थडग्याच्या दगडावरील नावे मात्र वाचता येतात. त्या माणसांविषयी आपल्याला दुसरे काहीही ठाऊक नाही. तरीही प ला ह जोडून फ लिहिणाऱ्या त्या काळातल्या कोणीतरी ती नीट उच्चारली जावीत एवढी काळजी घेतली होती, आणि वाचणाऱ्याने ती मोठ्याने वाचावीत, एवढेच त्याला अपेक्षित असावे.